पोटात सांडलेले पित्तखडे: पुन्हा पोट न उघडता ते कसे काढतात?



पित्ताशयातल्या खड्यांविषयी बोललं की प्रश्न बहुतेक ऑपरेशनच्या आधीचे येतात. ऑपरेशन करायलाच हवं का, दुर्बिणीतून होईल का, किती दिवसांत कामावर जाता येईल, वगैरे. आज मी ऑपरेशननंतरच्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती क्वचित घडते, पण घडली तर माणूस दोन-दोन वर्षं डॉक्टर बदलत फिरतो आणि दुखण्याचं मूळ सापडत नाही.

पित्ताशय काढताना त्यातले खडे कधीकधी पोटात सांडतात. ते काढून घेतले जातात, पण एखादा खडा मागे राहू शकतो. बहुतेक वेळा तो काही त्रास देत नाही. पण काही जणांमध्ये त्याच्याभोवती पू जमतो, आणि मग तो काढावा लागतो. हा खडा काढायला आता दर वेळी पोट उघडावं लागत नाही. मुतखडा काढतात तसाच, एका छोट्या छिद्रातून तो काढता येतो. मात्र त्यासाठी आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं की खडा आत आहे. ते लक्षात येण्यात तुमच्या घरातल्या जुन्या फाईलचा मोठा वाटा असतो. आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकली.

एक कहाणी

आता सांगतो ती कहाणी एकाच पेशंटची नाही. अशा अनेक पेशंटच्या बाबतीत जे घडतं ते एकत्र करून सांगतोय, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल.

साठीतल्या एक काकू. यजमान नोकरीनिमित्त भोपाळला होते, तिथेच काकूंचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी घरी आल्या, आठवड्यात स्वयंपाकाला लागल्या. पुढे यजमान निवृत्त झाले आणि दोघं मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले.

ऑपरेशनला अडीच वर्षं झाल्यावर काकूंना उजव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली दुखायला लागलं. संध्याकाळी कणकण यायची. जेवण कमी झालं, चार-पाच किलो वजन उतरलं. आधी वाटलं पाठ धरली असेल. मग लघवीची तपासणी झाली. मग संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन पाहून टीबीचा विचार सुरू झाला. शेवटी सोनोग्राफीत यकृताच्या मागे एक गाठ दिसली, आणि कोणीतरी दबक्या आवाजात कॅन्सरचं नाव काढलं. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

सिटी स्कॅनमध्ये कळलं की तो पू आहे. सुई घालून पू काढला, अँटिबायोटिक दिली, ताप गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा पू काढला, आणि पुन्हा तो भरला.

तिसऱ्या वेळी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, तुमचं पित्ताशय काढलंय ना? त्या वेळी खडे पोटात सांडले होते असं कोणी सांगितलं होतं का?" काकूंना काहीच माहीत नव्हतं. मुलाने भोपाळहून आणलेल्या ट्रंकेतली फाईल शोधली. ऑपरेशनच्या नोंदीत एक ओळ होती: पित्ताशय सोडवताना फाटलं, खडे सांडले, शक्य तेवढे काढून पोट धुतलं.

कोड्याचं उत्तर त्या एका ओळीत होतं, आणि अडीच वर्षं ते घरातल्याच ट्रंकेत पडून होतं.

खडे सांडतात कसे?

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली, साधारण पेरूच्या आकाराची पिशवी. यकृतात तयार झालेलं पित्त तिथे साठतं आणि घट्ट होतं. खडे तिथेच तयार होतात. काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे, तर काही सुपारीएवढे.

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केलं. त्यानंतर शंभर वर्षं हे ऑपरेशन पोटावर मोठा छेद घेऊनच होत होतं. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून करून दाखवलं. आपल्याकडे १९९० साली मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी त्याची सुरुवात केली. आज लहान शहरांतही पित्ताशय दुर्बिणीतूनच काढतात.

या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा केली जाते. तीन-चार छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब चिमटे आत जातात. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापतात. मग पिशवी यकृतापासून हळूहळू सोडवून एका छिद्रातून बाहेर काढतात.

पिशवी फाटण्याचा धोका या सोडवण्यात आणि बाहेर ओढण्यात असतो. पित्ताशयाला सूज आलेली असेल तर त्याची भिंत भिजलेल्या कागदासारखी होते आणि चिमट्याच्या दातांनीही फाटते. पिशवी तट्ट फुगलेली असेल, आजूबाजूचं सगळं चिकटलेलं असेल, किंवा छिद्र लहान आणि खडे मोठे असतील, तर कुशल सर्जनच्या हातूनही ती फाटू शकते. पिशवी फाटली म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं नाही. हे मी सर्जन म्हणून स्वतःची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. खरोखरच तशी परिस्थिती असते.

पूर्वी मोठ्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये सांडलेला खडा हाताने चाचपून उचलता यायचा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हात आत जात नाही. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच दिसतं. खडे गोल आणि निसरडे असतात. ते यकृताच्या मागे घरंगळतात, आतड्यांच्या वळ्यांमध्ये जातात, चरबीच्या पदरात लपतात. ऑपरेशनच्या वेळी टेबल डोक्याकडून वर केलेलं असतं, त्यामुळे एखादा खडा थेट ओटीपोटापर्यंतही उतरतो.

हे किती वेळा घडतं?

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १८ हजारांहून जास्त दुर्बिणीच्या ऑपरेशनांची माहिती एकत्र केली होती. त्यात शंभरातल्या साधारण १८ जणांमध्ये पित्ताशयाला छिद्र पडलं होतं. सुमारे ७ जणांमध्ये खडे सांडले होते, आणि दोनाहून थोड्या जास्त जणांमध्ये काही खडे आत राहून गेले होते.

ज्यांच्या पोटात खडे राहिले, त्यांच्यातल्याही बहुतेकांना पुढे काही होत नाही. त्रास होणाऱ्यांचं प्रमाण साधारणपणे दहात एकाहूनही कमी असतं. म्हणजे एकूण हिशोब केला तर हजार ऑपरेशनांमागे एक-दोन जण. म्हणून हे वाचून पित्ताशयाच्या ऑपरेशनला घाबरू नका. गरज असताना ऑपरेशन टाळण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे.

पण आपल्या देशात ही ऑपरेशनं फार मोठ्या संख्येने होतात. त्यामुळे हजारातले एक-दोन म्हटले तरी ती बरीच माणसं होतात.

एखादाच खडा त्रास का देतो?

शरीर अनोळखी वस्तूभोवती कुंपण घालतं. साध्या, स्वच्छ खड्याभोवती पातळ पडदा तयार होतो आणि तो तिथेच पडून राहतो. पण खड्यात जिवाणू असतील तर गोष्ट बदलते. खड्याच्या बारीक फटींमध्ये जिवाणू दडून बसतात. तिथपर्यंत रक्तपुरवठा नसल्यामुळे अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. पू काढला की ताप उतरतो, पण घर तसंच राहतं आणि जिवाणू पुन्हा वाढतात. काकूंचं नेमकं हेच झालं होतं. पायात काटा राहिला तर नुसता पू दाबून काढून भागत नाही, काटाच काढावा लागतो. तसंच हे.

खडे मागे राहिले आणि पुढे त्रास झाला, अशा पेशंटमध्ये काही गोष्टी जास्त आढळतात. ऑपरेशनच्या वेळी पित्ताशयात संसर्ग होता. खडे संख्येने बरेच होते किंवा दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे होते. पेशंटचं वय जास्त होतं. किंवा खडे काळ्या-तपकिरी रंगाचे, म्हणजे पिगमेंट प्रकारचे होते. पिवळसर, कोलेस्टेरॉलच्या खड्यांपेक्षा या खड्यांमध्ये जिवाणू जास्त सापडतात. आपल्या देशात उत्तरेकडे कोलेस्टेरॉलचे आणि मिश्र खडे जास्त दिसतात, तर दक्षिणेकडे पिगमेंट खड्यांचं प्रमाण तुलनेने अधिक आहे.

त्रास कधी सुरू होईल याचा नेम नाही. काहींना काही आठवड्यांत होतो, काहींना काही महिन्यांत, तर काहींना कित्येक वर्षांनी. तोपर्यंत गाव बदललेलं असतं, डॉक्टर बदललेले असतात, आणि पेशंट स्वतःही ते ऑपरेशन विसरलेला असतो.

कोणती लक्षणं दिसली तर हा विचार करायचा?

पित्ताशयाचं ऑपरेशन कधीही झालेलं असेल आणि पुढचं काही होत असेल, तर डॉक्टरांना त्या ऑपरेशनबद्दल आवर्जून सांगा.

- उजव्या कुशीत, बरगड्यांखाली किंवा पाठीच्या उजव्या बाजूला राहून राहून दुखणं
- कारण न सापडणारा, येऊन-जाऊन राहणारा ताप
- पोटावर, ऑपरेशनच्या छिद्राजवळ किंवा कमरेच्या बाजूला गाठ येणं, किंवा तिथून पू वाहत राहणं
- पू काढल्यावर बरं वाटणं आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा भरणं
- सोनोग्राफीत यकृताच्या आसपास गाठ किंवा पाणी दिसणं

पू जमण्याची नेहमीची जागा म्हणजे यकृताच्या खाली आणि मागे, उजव्या मूत्रपिंडापर्यंतचा खोलगा. माणूस पाठीवर झोपला की पोटाच्या वरच्या भागातलं पाणी आणि खडे तिथेच गोळा होतात. कधी हा पू यकृत आणि श्वासपटलाच्या मध्ये होतो. क्वचित श्वासपटलातून छातीत शिरतो, आणि खोकल्यातून खडा पडल्याचीही उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

आता एक सावध सूचना. वर सांगितलेली लक्षणं टीबीचीही असतात, कॅन्सरचीही असतात. आपल्याकडे टीबी भरपूर आहे, आणि गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. तेव्हा "खडाच असेल" असं धरून चालायचं नाही. पू टीबीसाठी तपासायला हवा, आणि गाठीबद्दल शंका असेल तर तिचा तुकडा तपासायला हवा. पण या यादीत "सांडलेला खडा" हे तिसरं नावही असायला हवं. ते नाव यादीतच नसेल तर तपासणी दुसऱ्याच दिशेला जात राहते.

तपासणीत खडा दिसतो का?

बऱ्याचदा दिसतो, पण तो शोधावा लागतो. सोनोग्राफीत खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. सिटी स्कॅनमध्ये पुवाचा आकार, त्याची खोली आणि आजूबाजूचे अवयव नीट कळतात. ज्या खड्यात कॅल्शियम आहे तो सिटीमध्येही पांढरा दिसतो. पण निव्वळ कोलेस्टेरॉलचा खडा सिटीमध्ये दिसेलच असं नाही. अशा वेळी एमआरआयमध्ये पांढऱ्या पुवाच्या मध्ये काळा ठिपका दिसतो. म्हणून सिटीत खडा दिसला नाही याचा अर्थ खडा नाहीच, असा होत नाही. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना आधीच्या ऑपरेशनची माहिती दिली तर ते त्या नजरेने पाहतात. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं "पोटदुखी" लिहिलेलं असेल तर ती नजर मिळत नाही.

खडा काढण्याचे तीन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे पोटावर मोठा छेद घेऊन खडा काढणं. दुसरा, पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन करणं. तिसरा, त्वचेतून एक वाट करून त्याच वाटेने खडा काढणं. याला परक्युटेनियस पद्धत म्हणतात. आज त्याच पद्धतीबद्दल जरा सविस्तर बोलू.

या पद्धतीची मुळं मुतखड्याच्या उपचारात आहेत. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून थेट मूत्रपिंडात वाट करून मुतखडा काढल्याची पद्धत मांडली. आज तिला आपण पीसीएनएल म्हणून ओळखतो. तुमच्या ओळखीत कोणाचं तरी हे ऑपरेशन झालेलं असेलच. पोटात सांडलेला पित्तखडा काढताना जवळजवळ तीच हत्यारं वापरतात, फक्त जागा वेगळी असते.

आता टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा: पू बाहेर काढणं. सोनोग्राफी किंवा सिटीच्या मदतीने आतडं, फुप्फुस आणि मोठ्या रक्तवाहिन्या टाळून पुवापर्यंत सुई नेतात. त्या जागेपुरती भूल दिलेली असते. सुईतून एक बारीक लवचिक तार आत सरकवतात, सुई काढून घेतात आणि तारेवरून नळी बसवतात. ही तारेची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली रक्तवाहिन्यांसाठी मांडली होती. आज ती शरीरात जवळपास सगळीकडे वापरली जाते. निघालेला पू तपासायला जातो आणि त्यानुसार अँटिबायोटिक ठरतं. ताप उतरतो, भूक परत येते.

दुसरा टप्पा: वाट पक्की होऊ देणं. नळी काही आठवडे ठेवतात. तेवढ्या काळात नळीभोवती शरीर एक घट्ट बोगदा तयार करतं, त्यामुळे नंतर काम करताना पू बाकीच्या पोटात पसरत नाही. पुवाची पोकळीही आकसते. हा काळ पेशंटला कंटाळवाणा वाटतो. "नळी अजून का काढत नाही?" असं घरचे रोज विचारतात. पण ही नळीच पुढची वाट आहे. ती ओढली जाऊ नये, घसरू नये, याची फार काळजी घ्या. काही ठिकाणी पोकळी सोयीची असेल तर हे सगळं एकाच वेळीही करतात. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

तिसरा टप्पा: वाट रुंद करणं. पेशंटला भूल देतात. नळीतून तार आत घालतात आणि तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालून वाट हळूहळू रुंद करतात. शेवटी साधारण ८ ते १० मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीहून थोडी जाड नळी तिथे बसते. हे सगळं सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत केलं जातं.

चौथा टप्पा: खडा पकडणं. त्या नळीतून मुतखड्याची दुर्बीण आत जाते. पाण्याची धार सोडून पोकळी धुतात आणि पडद्यावर खडा प्रत्यक्ष दिसतो. लहान खडा चिमट्याने किंवा तारेच्या छोट्या टोपलीने पकडून बाहेर काढतात. मोठा खडा लेसरने किंवा हवेच्या ठोक्याने फोडून तुकडे काढतात. पाण्याचा दाब कमी ठेवावा लागतो, नाहीतर जिवाणू रक्तात शिरून थंडी-ताप भरू शकतो. आणि एकही तुकडा मागे राहता कामा नये. राहिलेला तुकडा म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

पाचवा टप्पा: खात्री करणं. शेवटी पुन्हा नळी ठेवतात. पू येणं थांबलं आणि तपासणीत पोकळी मिटत आलेली दिसली की नळी काढतात. त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी किंवा सिटी करून खात्री करून घेतात.

आपल्या कहाणीतल्या काकूंच्या पोटातून चार खडे निघाले, सगळ्यात मोठा वाटाण्याएवढा. दुसऱ्या दिवशी त्या चालत होत्या. कुशीवर एक छोटी पट्टी, बस.

हा रस्ता सगळ्यांना चालतो का?

नाही. खडे एक-दोन असतील, एकाच पोकळीत असतील आणि तिथपर्यंत सुरक्षित वाट मिळत असेल, तर ही पद्धत उत्तम. वय जास्त असेल, हृदयाचा आजार असेल, आधीच्या ऑपरेशनमुळे पोटात सगळं चिकटलेलं असेल, अशा पेशंटला तर ती फारच उपयोगी पडते. पण खडे पोटभर विखुरलेले असतील, पुवाचा संबंध आतड्याशी आला असेल, वाटेत आतडं किंवा रक्तवाहिनी येत असेल, किंवा कॅन्सरची शंका असेल, तर दुर्बिणीचं किंवा मोठं ऑपरेशन जास्त शहाणपणाचं ठरतं.

धोके याही पद्धतीत आहेत. रक्तस्राव, शेजारच्या अवयवाला इजा, यकृताच्या वरच्या बाजूला काम करताना छातीच्या आवरणाला छिद्र, रक्तात जंतू पसरणं, आणि खडा पूर्ण न निघणं. म्हणून हे काम जिथे सर्जन, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि मुतखड्याची दुर्बीण वापरणारे युरोलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात, अशा ठिकाणी करावं. "हे तुम्ही आधी केलंय का?" असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पित्ताशय काढल्यावरही खडा झाला, असं शेजारच्या भाऊंना सांगितलंय. ते हेच का?
बहुधा नाही. तो खडा पित्तनलिकेत असतो. ऑपरेशनच्या वेळी नळीत राहिलेला किंवा नंतर तयार झालेला. त्यात कावीळ होते, लघवी गडद पिवळी होते. तो तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून काढतात. आज आपण बोलतोय तो खडा नळीच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत पडलेला असतो. तिथे ईआरसीपीचा उपयोग नाही.

हा खडा औषधाने विरघळेल का?
नाही. खडे विरघळवण्याच्या गोळ्या पित्तावर काम करतात, आणि तेही पित्ताशयातल्या ठरावीक प्रकारच्या खड्यांवरच. पोकळीत पडलेल्या खड्याला पित्त लागतच नाही. काढ्यांचंही तेच.

शौचावाटे पडून जाईल का?
तो आतड्याच्या आत नसतो, बाहेर असतो. त्यामुळे जुलाबाचं औषध घेऊन काही होणार नाही.

दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि पोटात खडा दिसला. त्रास काही नाही. काढायचा का?
त्रास नसेल, ताप नसेल, भोवती पू नसेल, आणि तो खडाच आहे याची डॉक्टरांना खात्री असेल, तर सहसा काढत नाहीत. नोंद ठेवायची आणि लक्ष ठेवायचं.

पित्ताशय काढताना खडे सांडूच नयेत म्हणून काय करतात?
पिशवी फाटली की छिद्र क्लिपने किंवा टाक्याने बंद करतात. आत साठलेलं पित्त ओढून घेतात. पिशवी आणि खडे प्लॅस्टिकच्या थैलीत भरून बाहेर काढतात. पोट भरपूर धुतात आणि दिसेल तो खडा उचलतात. पण एक-दोन खडे शोधण्यासाठी चांगलं चाललेलं दुर्बिणीचं ऑपरेशन सोडून मोठा छेद घेत नाहीत, कारण त्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त.

फाईलमधले तीन कागद

खडे सांडणं नेहमी टाळता येत नाही. ते सांडले हे लिहून ठेवणं आणि पेशंटला सांगणं मात्र नेहमी शक्य असतं. हे मी माझ्या सर्जन मित्रांनाही सांगतो. पेशंट घाबरेल म्हणून आपण गप्प बसतो. पण पुढे तोच पेशंट दुसऱ्या शहरात टीबी की कॅन्सर या चक्रात अडकला, तर त्याच्या हातात आपण काहीच दिलेलं नसतं. "थोडे खडे सांडले होते, काढले आहेत. पुढे कधी कुशीत दुखलं किंवा ताप आला तर हा कागद दाखवा," एवढं साध्या भाषेत सांगायला एक मिनिट पुरतं.

आणि तुम्हाला, म्हणजे पेशंटला आणि घरच्यांना, माझी विनंती आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की तीन कागद मागून घ्या.

एक, ऑपरेशनची सविस्तर नोंद. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, कारण पिशवी फाटली की नाही हे बऱ्याचदा नोंदीतच असतं.

दोन, काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट. पुढे कधी गाठ दिसली तर "तेव्हा कॅन्सर नव्हता" हे सांगणारा हा पुरावा असतो. तो रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो आणि बरेच लोक तो घ्यायला जातच नाहीत. तो घ्या, आणि डॉक्टरांना दाखवा.

तीन, डिस्चार्ज कार्ड, ज्यावर तारीख आणि ऑपरेशनचं नाव स्पष्ट आहे.

या तिन्हींचा मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवा. आपली मराठी माणसं आज इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, बंगळुरू अशी कुठे कुठे राहतात. बदल्या होतात, निवृत्तीनंतर मुलांकडे जाणं होतं. नव्या शहरातल्या डॉक्टरांना तुमच्या पोटात आधी काय झालंय हे दिसत नाही. ते तुमच्या कागदावरून कळतं.

आजच घरात एक काम करा. आई, वडील, सासूबाई, काका, ज्यांचं कोणाचं पित्ताशय काढलं असेल, त्यांना विचारा, "तुमची ऑपरेशनची फाईल कुठे आहे?" सापडली तर फोटो काढून ठेवा. नाही सापडली तर त्या हॉस्पिटलमध्ये फोन करून नक्कल मिळते का ते पाहा. उशीर झाला तर जुन्या नोंदी मिळणं अवघड होत जातं.

तुमचे प्रश्न असतील तर नक्की कळवा. काळजी घ्या, कागद जपा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.